पाहुणीसमोरचा मार

मारायला सुरुवात करण्याआधी गूक सर मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवायचे. छडी वापरायची असेल तर घड्याळ हातावरच राहायचं. ते उतरलं म्हणजे आता हाताने, आणि तोंडावर. पुढच्या बाकावरच्या मुली तेव्हा दातांवर दात घट्ट दाबून धरत, कारण तोंड सैल असताना थप्पड बसली तर जीभ चावली जाते. माझ्या मुलीने, बोरमने, हे मला माशाचे काटे काढता काढता सांगितलं होतं. रस्ता ओलांडताना दोन्हीकडे बघावं, तितक्याच साध्या आवाजात.

गुनसान हे बंदराचं गाव. बोरमच्या बाबांची तिथल्या कागदाच्या गिरणीत बदली झाली म्हणून आम्ही नुकतेच तिथे राहायला आलो होतो. घरामागे एक खोली जास्तीची होती, ती आम्ही प्यो इनसुकला भाड्याने दिली. जेवण आमच्यातच. राजधानी सोलमधल्या एका शिक्षण-संशोधन संस्थेने तिला वर्षभरासाठी आमच्या प्रांतात धाडलं होतं. शाळाशाळांत जाऊन वर्गाच्या शेवटच्या बाकावर बसायचं, गळ्यात स्टॉपवॉच अडकवायचं आणि ठरावीक वेळाने खूण करायची, हे तिचं काम. शिक्षक आत्ता समजावून सांगताहेत, प्रश्न विचारताहेत, फळ्यावर लिहिताहेत की खिडकीबाहेर बघताहेत? किती मुलींचं लक्ष आहे? युद्धात राख झालेल्या आमच्या देशाने एका पिढीत सगळ्यांना कसं शिकवलं, हे आता दुसऱ्या गरीब देशांना सांगायचं होतं, आणि त्यासाठी पुरावा हवा होता.

"आणि सर मारत असले तर कुठे खूण करायची?" बोरमने पहिल्याच आठवड्यात विचारलं.

"'शिस्त राखणे' इथे," इनसुक म्हणाली. "गप्प बसा म्हटलं तरी तिथेच, कानफटात दिली तरी तिथेच. हे रकाने परदेशातून ठरून आलेत, माझे नाहीत."

"मग गूक सरांच्या तासाला तुमचे बाकीचे रकाने कोरेच राहणार, मावशी."

गल्लीत सगळे तिला प्यो डॉक्टर म्हणत. समोरच्या मासळीवाल्या आजीने तर एकदा पायजमा वर करून सुजलेला गुडघाच तिच्यापुढे धरला.

"आजी, मी तसली डॉक्टर नाही. मी शाळांची डॉक्टर."

"शाळेला काय झालंय?"

"तेच शोधतेय."

"शोध बाई. औषध उरलं तर गुडघ्याला दे."

इनसुक माझ्याहून थोडी लहान होती, मला ताई म्हणायची. तिचा जन्म मिठागरांच्या कडेच्या एका गावातला. वडील तिथल्या शाळेत मास्तर आणि ती त्यांच्याच वर्गात. वर्ग भरला की पहिला मार तिला. चूक असो वा नसो. मास्तर पोटच्या पोरीलाही सोडत नाही हे बाकीच्या पोरांना दिसलं पाहिजे. तिने स्वतःच बाकावर उभं राहायचं, घागरा गुडघ्यांपर्यंत वर धरायचा, आणि वडील पोटऱ्यांवर छडी ओढायचे. कातडी फुटेपर्यंत नाही, पण फुटायच्या बेतापर्यंत. दुपारी आईला मदत करायला ती मिठागरात उतरली की खारं पाणी तिला सकाळचा एक एक वळ दाखवून द्यायचं. घरी मात्र त्या माणसाने तिच्यावर कधी बोटही उगारलं नाही. "घरी बघायला कोण होतं, ताई?" असं ती हसून म्हणायची. मला त्या हसण्याचीच जास्त काळजी वाटायची.

पुढे कॉलेजच्या फाटकासमोर मोर्च्यात दंगलपोलिसाच्या दांडक्याने तिच्या खांद्याचं हाड मोडलं. शेजारी पडलेल्या मुलाचा डोळा गेला. तिला मारणारा पोलिस तिच्याच वयाचा होता आणि रडत होता. अश्रुधुरामुळे असेल, ती म्हणायची. हाड वाकडंच जुळलं. मग शिष्यवृत्ती, परदेश, डॉक्टरेट. मुलं शाळा का सोडतात, या विषयावर. हाच विषय का घेतलास, असं मी विचारलं तर म्हणाली, "मला सोडायची होती आणि सोडता आली नाही, म्हणून."

कुठल्या शाळेचा कुठला वर्ग बघायचा हे ती चिठ्ठ्या टाकून ठरवायची. त्या शरद ऋतूत बोरमच्या वर्गाची चिठ्ठी निघाली, आणि तास गणिताचा, म्हणजे गूक सरांचा. तिने ते जेवताना सांगितलं. बोरमने चमचा खाली ठेवला.

"मावशी, तुम्ही नका येऊ."

"का गं?"

"पाहुणे आले की आम्हाला फार महागात जातं."

"पाहुण्यांसमोर कुणी मारत नाही, वेडे."

"पाहुणे गेल्यावर."

इनसुकने माझ्याकडे पाहिलं. मग शिकवणी घ्यावी तसं समजावून सांगितलं की चिठ्ठीने निघालेला वर्ग बदलता येत नाही. आज ओळखीच्या मुलीसाठी हा बदलला, उद्या कंटाळा आला म्हणून तो बदलला, की सगळं मोजमाप खोटं. तिला जिथे जायचं नसेल नेमकं तिथेच जाता यावं, म्हणून तर चिठ्ठी. तिचं म्हणणं बरोबर होतं. मला अजूनही त्यात चूक काढता येत नाही.

गूक सरांनी आठवडाभर तोच एक धडा घोटून घेतला होता. कोण कधी हात वर करणार, कोण कुठलं उदाहरण सोडवणार, सगळं ठरलेलं. बोरमच्या वाट्याला फळ्यावरचं तिसरं उदाहरण होतं. ते तिने घरी माझ्यासमोर न बघता सोडवून दाखवलं होतं. पण त्या दिवशी खडू मोडला. ती वाकली, तुकडा उचलला आणि वर बघितलं तर आकडे पुसल्यासारखे डोक्यातून गेले. गूक सर पाहुणीकडे बघून हसले. "बस जागेवर," एवढंच म्हणाले. घंटा झाली. इनसुकने वाकून नमस्कार केला आणि बाहेर पडली.

जिन्याजवळ पोचली तेव्हा तिला आवाज आला. ओली चादर दगडावर आपटावी तसा. ती मागे फिरली आणि तिने वर्गाचं दार उघडलं.

सगळ्या मुली बाकांवर गुडघे टेकून, हात वर करून बसल्या होत्या. बोरम फळ्यापाशी उभी होती, एका गालावर बोटं उमटलेली. घड्याळ टेबलावर होतं. गूक सरांनी दाराकडे बघितलं, आणि ते दचकले नाहीत. त्यांनी वाकून नमस्कार केला.

"या, डॉक्टर, या. म्हटलं तुम्ही सोलला जाऊन सांगाल, गुनसानच्या मास्तरांना वर्ग आवरत नाही. बरं झालं परत आलात."

आणि तिच्याकडे बघतच त्यांनी हात उचलला. उलट्या हाताने, मग सुलट्या. बोरम मागे सरकली तर केस धरून पुढे ओढलं. "तोंड वर! पाहुण्यांना तोंड दाखव! सांग, आठवडाभर काय केलंस?" पुढची थप्पड पूर्ण तळहाताने कानावर बसली. बोरमचं डोकं टेबलाच्या कडेवर आदळलं आणि ती खाली घसरली. कानातून रक्ताची बारीक धार मानेवरून पांढऱ्या कॉलरमध्ये उतरली. बाकांवरचा एकही हात खाली आला नाही.

इनसुक दारात उभी होती. नंतर तिने मला सांगितलं की ओरडायला तिने तोंड उघडलं होतं, पाय मात्र हलले नाहीत. आणि एक गोष्ट तिने पुन्हा पुन्हा सांगितली. "मी जिना उतरून गेले असते ना ताई, तर तो एका थपडेवर थांबला असता. बाकीचं सगळं तो मला दाखवत होता."

इस्पितळात सांगितलं की डाव्या कानाचा पडदा फाटलाय, ऐकू पूर्ण परत येईल याचा भरवसा नाही. मी कॉलरवरचं रक्त थंड पाण्यात धूत होते तेव्हा मुख्याध्यापक नासपतींची पेटी घेऊन दारात आले.

"बोरमची आई, वाईट झालं. जिन्यात पाणी सांडलं होतं. मुली धावतात, घसरतात."

"ती जिन्यात नव्हती."

"वर्गातल्या सगळ्या मुली जिनाच म्हणताहेत."

खरंच म्हणत होत्या. बोरमच्या शेजारी बसणारी मुलगी भेटायला आली, बोरमचा हात धरून हमसाहमशी रडली, आणि मी विचारल्यावर जिनाच म्हणाली. तिची आई मागे उभी होती.

मला दुसरं काही नको होतं. गूक सर माझ्या मुलीसमोर पुन्हा उभे राहता कामा नयेत, एवढंच. तिचा दुसरा कान शाबूत होता आणि त्याच वर्गात तिला वर्ष संपेपर्यंत बसायचं होतं. मुख्याध्यापक म्हणाले, शनिवारी शाळा-समिती बसेल, साक्षीदार असेल तर आणा. साक्षीदार माझ्याच घरात जेवत होता.

"मला बोलता येणार नाही, ताई," इनसुक स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरून म्हणाली. मी मुळा चिरत होते. "प्रत्येक मुख्याध्यापकाला मी शब्द दिलाय. आत जे बघेन ते नावानिशी बाहेर नेणार नाही. त्या शब्दावर दारं उघडतात. एकदा तोंड उघडलं की या प्रांतात एक शाळा मला आत घेणार नाही. हे सगळं चाललंय ते बघायलासुद्धा कुणी उरणार नाही."

"बघितलंस ना तू? दारात उभी राहून बघितलंस. बघितल्याने काय झालं?"

तिने वाकड्या खांद्यावर हात ठेवला.

"तुझ्या बघण्याने माझ्या पोरीचा कान गेला, इनसुक."

मी सुरी खाली ठेवली. हातात ठेवायची मला भीती वाटली.

बोरमचे बाबा दारातून म्हणाले, "जाऊ दे ना. वैर घेऊन पोरीला त्याच शाळेत पाठवायची का? नासपती चांगल्या आहेत, खा." मी पेटी उचलली आणि अंगणात फेकली. एक नासपती घरंगळत समोरच्या आजीच्या दुकानापर्यंत गेली. "काय झालं गं?" आजी ओरडली.

शुक्रवारी सोलहून इनसुकच्या वरिष्ठांचा फोन आला. मुख्याध्यापकांनी त्यांना आधीच गाठलं होतं. ती उभ्याने बोलत होती, फक्त "हो सर", "समजलं सर". फोन ठेवून तिने मला सांगितलं की वर्ष सुरळीत संपलं तर संस्थेतला एक विभाग तिच्याकडे देणार आहेत. मग म्हणाली, "ताई, उद्या किती वाजता आहे?" मी सांगितलं. ती येणार की नाही हे तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

समितीच्या टेबलावर एक छडी ठेवली होती. गुळगुळीत घासलेली, रेशमी फीत बांधलेली. वसंतात शाळा सुरू होताना माता-मंडळ समारंभ करून शिक्षकांना अशी छडी देतं, आमची मुलं तुमच्या हवाली केली म्हणून. वर शाईने आयांची नावं लिहिलेली. आम्ही तोवर गावात आलो नव्हतो, म्हणून माझं नाव त्यात नव्हतं. आलो असतो तर लिहिलं गेलं असतं.

"ही तुम्हीच आमच्या हातात दिलीत," मुख्याध्यापक सगळ्यांकडे बघत म्हणाले.

माता-मंडळाची अध्यक्षा म्हणजे मिरेची आई. तिची मिरे त्याच वर्गात. "माझ्या मिरेलासुद्धा मारतात सर. म्हणून तर गणितात पहिली आहे. आता एखादीचा कानच नाजूक असला तर सरांनी काय कापसाचा हात लावायचा?"

दोनचार जणी हसल्या. गूक सर मान खाली घालून बसले होते. "मी मुलींच्या भल्यासाठीच करतो," ते हळूच म्हणाले. "या मुलीला तर मी हातही लावला नाही."

तेव्हा दार उघडलं आणि इनसुक आत आली. ती बसली नाही. तिने सुरुवातीपासून सगळं सांगितलं. घड्याळ कुठे होतं, कुठला हात आधी, केस कुणी धरले, डोकं कशावर आदळलं. आवाज चढवला नाही, कुणाला राक्षस म्हटलं नाही. शेवटी गूक सरांकडे वळली.

"आणि ते तिच्या भल्यासाठी नव्हतं, सर. ते माझ्यासाठी होतं. मी बघत होते म्हणून."

मिरेची आई ताडकन उठली. "हिच्यामुळे सर गेले तर परीक्षेला आमच्या पोरींना कोण बसवणार? ही? ना नवरा ना पोर, आली आम्हाला शिकवायला!" आणि तिने टेबलावरून वाकून इनसुकचे केस मुठीत धरले. इनसुकचं तोंड टेबलावर आपटलं. चहाचे पेले उलटले. मी मिरेच्या आईच्या मनगटाला चावले. खोटं कशाला सांगू, दात रुतेपर्यंत चावले. दुसऱ्या कुणीतरी माझ्या पाठीत छत्री घातली. "बायांनो! अहो बायांनो!" मुख्याध्यापक छडी उचलून टेबलावर आपटत होते, ती मोडली. इनसुकच्या ओठातून रक्त येत होतं, तरी ती म्हणत होती, "मी खोटं बोलले असेन तर मिरेला विचारा! घरी जाऊन विचारा!"

"बास!" गूक सर उभे राहिले. ते आम्हाला सोडवायलाच उठले असतील. पण उठता उठता त्यांचा उजवा हात डाव्या मनगटाकडे गेला आणि त्यांनी घड्याळाचा पट्टा सोडला.

त्यांच्या लक्षातही आलं नसावं. पण मिरेच्या आईने ते बघितलं. तिची मूठ सुटली. तिच्याही घरी जेवताना कुणीतरी त्या घड्याळाचं सांगितलं असणार. ती खुर्चीवर बसली आणि गूक सरांच्या हातातल्या घड्याळाकडे बघत राहिली. मग बाकीच्याही बघू लागल्या. सरांनी ते खिशात घातलं.

बोरमची तुकडी बदलली. गूक सरांना रस्त्यापलीकडच्या मुलांच्या शाळेत पाठवलं, शिक्षा म्हणून नव्हे, गरज म्हणून. तिथे ते जास्तच मारत, असं ऐकलं. कागदावर जिना तो जिनाच राहिला. माझी मुलगी वाचली एवढ्यावर मी समाधान मानलं. महिन्याभराने तिने शूज काढता काढता सांगितलं, "आई, मला आता कुणी हात लावत नाही. प्रश्नसुद्धा विचारत नाहीत. माझा नंबर आला की पुढच्या मुलीला उठवतात."

इनसुकचं जसं तिने म्हटलं होतं तसंच झालं. एका शाळेत रंगकाम निघालं, एकीत परीक्षा, एकीत तर मुख्याध्यापक फाटकाशी येऊन म्हणाले की शेवटचा बाक मोडलाय. हिवाळ्याआधी संस्थेने तिला परत बोलावलं. विभाग दुसऱ्याला मिळाला. तिला परदेशी मदतीच्या कामावर टाकलं, जिथे त्या काळी नको असलेली माणसं टाकत. निघताना मी तिला वाळवलेली मासळी बांधून दिली. आमच्यात त्या भांडणाचा शब्द पुन्हा निघाला नाही. बसमध्ये चढताना तिने बोरमच्या उजव्या बाजूला येऊन काहीतरी सांगितलं. काय, ते मी विचारलं नाही.

नेपाळ, कंबोडिया, लाओस. पुढची सगळी वर्षं ती असल्या ठिकाणी हिंडली. शाळा बांधणारे, पुस्तकं छापणारे, शिक्षकांना शिकवणारे, सगळ्यांच्या कामाचं मोजमाप ती करी. सभांमध्ये तिला विचारत, तुमच्या देशाने हे इतक्या लवकर कसं साधलं? एकदा ती म्हणाली, "मारून." तिथला एक अधिकारी मोठ्याने हसला. "ते तर आम्ही कधीचे करतोय, बाई. पुढची पायरी सांगा." तिच्या त्या उत्तरावर संस्थेने खुलासा मागवला. पण नव्या रकान्यांसाठी ती भांडत राहिली आणि बऱ्याच वर्षांनी एका पाहणीत तिला वेगळा रकाना मिळाला. नाव साधंच: मारणे.

शरदातल्या सणाला ती देशात असली की आमच्याकडे यायची. गेल्या खेपेला आली ती उजव्या हाताला प्लास्टर घालून. मी दार उघडलं आणि पिशवी घ्यायच्या आधी ओरडलेच.

"हे काय? पडलीस? कुठे पडलीस? मी सांगितलं होतं त्या डोंगरातल्या गाड्यांत बसू नकोस म्हणून!"

"गाडी नाही, ताई. आत तरी येऊ दे."

बोरम तांदळाच्या करंज्या वाफवत होती. तिचं लग्न झालंय, तिला अजूनही डावीकडून बोललेलं कळत नाही. इनसुक तिच्या उजवीकडे बसली आणि डाव्या हाताने खाता खाता सांगू लागली. लाओसमधली डोंगरातली शाळा. पत्र्याचं छप्पर, तरुण मास्तर, हातात बांबूची काठी. इनसुक शेवटच्या बाकावर. एका मुलीला पाढा आला नाही. मास्तरने मागे पाहुणीकडे बघितलं, आणि ती नजर तिने ओळखली.

"या वेळी पाय हलले," ती म्हणाली. "मी मध्ये जाऊन उभी राहिले. त्याला काठी आवरता आली नाही. कडकन आवाज झाला, मला वाटलं काठीच मोडली."

"आणि तुझ्या त्या संस्थेने काय केलं?" मी विचारलं.

"त्या दिवसाचं निरीक्षण रद्द. निरीक्षकाने वर्गात हस्तक्षेप केला म्हणून. आता मला वर्गात जायची बंदी. ऑफिसात बसून दुसऱ्यांचे आकडे जुळवते."

"बरंच झालं! या वयात हाडं मोडून घेतेस, लाज नाही वाटत?"

"मास्तर काय म्हणाला?" बोरमने विचारलं.

"रडला बिचारा. माझ्या पाया पडला. पोरं आम्हा दोघांना हसत होती."

"आणि ती मुलगी, मावशी?"

इनसुकने चमचा ठेवला.

"ती माझ्या मागेच उभी होती. हात तसाच पुढे धरून. तिला वाटलं, तिचा मार अजून राहिलाय. मी या डाव्या हाताने तिचा हात खाली केला. तर तिने पुन्हा वर केला."